दिव्यापर्यंत पोचलेले व्होल्ट

जुन्या ट्रकचा उजेड कमी पडू लागला की पहिला संशय बल्बवर येतो. बल्ब बदलून होतो, मग त्याहून जास्त वॅटचा घालून होतो, तरी उजेड पिवळा तो पिवळाच. पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर घासलेल्या गाडीत बल्ब बहुतेक वेळा निर्दोष असतो. बॅटरीतून निघालेली वीज त्याच्यापर्यंत पुरती पोचत नाही, हे खरे दुखणे. त्यावरचा इलाज महाग नाही. दोन रिले, थोडी जाड वायर, मोजके फ्यूज आणि एका दुपारचे मन लावून केलेले काम एवढ्यात तो होतो.

उदाहरणासाठी गाडी टाटा ४०७ घेऊ आणि रस्ता बेंगळूरूचा कनकपुरा रोड. बनशंकरी म्हटले की आपल्याकडच्या पुष्कळ घरांना बदामीजवळची कुलदेवता आठवते. तिच्याच भक्ताने १९१५ साली बेंगळूरूच्या दक्षिण अंगाला देवीचे देऊळ बांधले, आणि पुढे आजूबाजूच्या सगळ्या वस्तीला बनशंकरी हेच नाव पडले. कनकपुरा रोड या देवळावरूनच जातो. दक्षिणेकडून, हारोहळ्ळी-कनकपुऱ्याच्या बाजूने भाजीपाला आणि इतर शेतमाल घेऊन येणाऱ्या लहान ट्रकांना शहरात शिरायचा हा मार्ग आहे, आणि माल सकाळच्या बाजाराला लागायचा तर गाडी अंधारातच निघावी लागते. शहराचे दिवे मागे पडले की पुढे झाडी, वळणे, थंडीच्या दिवसांत धुके. बन्नेरघट्टाच्या रानातले हत्ती या पट्ट्यात रात्री शेतांत उतरतात. अशा रस्त्यावर दिवा किती मीटर पुढचे दाखवतो याला फार मोल आहे.

४०७ ही आपल्या पुण्याची गाडी. १९८६ साली, जपानी कंपन्यांच्या भागीदारीतले लहान ट्रक बाजारात येत असताना, त्यांना तोंड द्यायला टाटांच्या टेल्कोने ती उतरवली. इतकी टिकाऊ निघाली की जुन्यातल्या जुन्या ४०७ अजून भाजी, वीट, वाळू वाहताना दिसतात. इंजिन पुन्हा बांधले जाते, पाटे बदलले जातात, टायर बदलतात. वायरिंगला मात्र आग लागेपर्यंत कोणी हात लावत नाही.

आता जुन्या गाडीत विजेची वाट कशी असते ते पाहा. बॅटरीपासून वायर केबिनमध्ये फ्यूजपेटीत येते, तिथून लाइटच्या स्विचला, स्विचमधून अप्पर-डिप्परच्या दांडीला, आणि तिथून पुन्हा फायरवॉल ओलांडून पुढे दोन्ही दिव्यांना. परतीची वाट, म्हणजे अर्थ, पत्र्यातून आणि चेसिसमधून. म्हणजे दिव्यांना लागणारा सगळा करंट चालकाच्या हाताखालच्या दोन लहानशा स्विचांमधून वाहतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचे दोन अप्पर पेटले की हा करंट १० अँपिअर होतो.

तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण साडेअकरा मिलिओहम असतो. सहा मीटरांच्या वाटेत १० अँपिअर वाहिले की जवळजवळ ०.७ व्होल्ट वायरच खाते. त्यात जोड मिळवा. फ्यूजचे चिमटे, स्विचचे कॉन्टॅक्ट, सॉकेटच्या पिना, दिव्याचा अर्थ. नवे असताना त्यांचा रोध नगण्य असतो. काळे पडले, सैल झाले, गंजले की एकेक जोड १० मिलिओहम सहज दाखवतो, आणि १० अँपिअरला १० मिलिओहम म्हणजे ०.१ व्होल्ट. असे दहा जोड धरले तर आणखी एक व्होल्ट गेला. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट असले तरी दिव्याच्या पिनांवर बारा-सव्वाबारा उरतात, आणि गाडीची हयगय झाली असेल तर अकराही.

दीड-दोन व्होल्ट गेले तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. तार थोडी जरी कमी तापली तरी तिच्या उत्सर्जनातला दिसणारा भाग झपाट्याने आटतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता बनून जाते. एच-४ बल्बच्या डिप्परचे प्रमाण १३.२ व्होल्टला १००० ल्युमेन आहे. तोच बल्ब १२ व्होल्टला सुमारे ७२० ल्युमेन देतो आणि ११ व्होल्टला सुमारे ५४०. बल्ब शाबूत, काच स्वच्छ, आणि उजेड निम्मा. पाटाचे पाणी वरच्या शेतांत मुरत जाऊन टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओलावाच यावा, तशी या दिव्याची गत होते.

व्होल्टेजचा परिणाम उलट्या दिशेनेही होतो, आणि तो बल्बच्या आयुष्यावर. व्होल्टेज पाच टक्के जास्त दिले तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणून रिले बसवण्याआधी चार्जिंग तपासायचे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेचौदाच्या वर व्होल्ट दिसत असतील तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करा. नाहीतर सुधारलेली वायरिंग बल्ब जाळण्याचे काम जास्त चोख करील.

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. आत एक तारेचे वेटोळे, त्यातून अगदी थोडा करंट गेला की त्याचे चुंबक होते, ते एक पत्ती ओढते, आणि त्या पत्तीवरचे जाड कॉन्टॅक्ट मोठा करंट जोडतात. १८३० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्रीने ही कल्पना वापरून दाखवली. लांबच्या तारेतून येऊन क्षीण झालेल्या करंटने जवळच्या बॅटरीचा जोरकस करंट चालू-बंद करायचा, या तत्त्वावर पुढे तारायंत्र शेकडो मैल पोचले. ट्रकच्या दिव्याची अडचण जातीने तीच आहे, फक्त अंतर मैलांऐवजी मीटरांचे.

साध्या १२ व्होल्टच्या रिलेचे वेटोळे सुमारे ०.१५ अँपिअर घेते. रिले बसवला की दांडीतल्या स्विचमधून १० ऐवजी एवढाच करंट जातो. जुनी, थकलेली वायर त्याला पुरेशी होते, कारण एवढ्या करंटला तिच्यातली घट नगण्य असते. आणि रिले आठ व्होल्टांच्या आसपासही पत्ती ओढतो. दिव्यांचा खरा करंट बॅटरीपासून आखूड आणि जाड वाटेने थेट पुढे जातो. चार चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरमध्ये १० अँपिअरला ०.१३ व्होल्टच जातात.

दुसरा फायदा मला उजेडाइतकाच महत्त्वाचा वाटतो. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी, काही मिलिसेकंदांपुरता, नेहमीच्या दहापट करंट उसळतो. रात्रभर समोरच्या गाडीला डिप्पर मारणाऱ्या चालकाच्या दांडीत हा मार शेकडो वेळा बसतो. कॉन्टॅक्ट पोळतात, प्लास्टिक मऊ पडते, आणि एका वळणावर दोन्ही दिवे एकदम जातात. दांडीतला हा कॉम्बिनेशन स्विच जळणे हा जुन्या गाड्यांचा इतका नेहमीचा रोग आहे की चालक त्याला नशिबाचा भाग मानतात. तो नशिबाचा भाग नाही.

बाजारातून काय आणायचे? बेंगळूरूत जे. सी. रोडला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत, बनशंकरीहून तिथे जाणे अवघड नाही. रिले हातात घेतला की त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे दिसतील. ते जर्मन मानकातले आहेत, डीआयएन ७२५५२. ३० म्हणजे बॅटरीची थेट धन वायर, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८६ आणि ८५ ही वेटोळ्याची दोन टोके. त्याच मानकात ५६ए हा अप्पर, ५६बी हा डिप्पर आणि ३१ हा अर्थ. बेंगळूरूच्या गॅरेजांना ही जर्मन भाषा परकी नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या मायकोच्या अडुगोडी कारखान्यातून देशभरातल्या ट्रकांचे डिझेल पंप गेले. २००८ मध्ये त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. आकडे पाठ झाले की कोणत्याही गावच्या, कोणतीही भाषा बोलणाऱ्या मिस्त्रीने केलेले काम तुम्हाला वाचता येते.

चार पिनांचा रिले मागा. पाच पिनांच्या काही रिलेंत मधली पिन ८७ए असते, आणि रिले बंद असताना तिच्यात वीज असते. ती उघडी राहून पत्र्याला टेकली तर ठिणगी ठरलेली. गाडी २४ व्होल्टची असेल, म्हणजे दोन बॅटऱ्यांचा मोठा ट्रक असेल, तर रिलेही २४ व्होल्टचाच हवा. १२ चा लावला तर वेटोळे जळेल. अर्थात २४ व्होल्टच्या गाडीत ही सगळी कसरत तुलनेने कमी लागते. तिथे तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, त्यामुळे घट निम्मी, आणि एकूण व्होल्टेज दुप्पट असल्याने टक्केवारीत घट पाव होते. मोठ्या ट्रकांत रिलेचे काम मुख्यतः स्विच वाचवण्याचे, तर ४०७ सारख्या गाडीत उजेड परत मिळवण्याचेही.

पण आधी मोज. हे पाऊल गाळणारे मिस्त्री अनेक आहेत, आणि माझ्या मते अर्धे पैसे इथेच वाया जातात. इंजिन चालू, दिवे चालू, आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक सळई बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी दिव्याच्या मागे सॉकेटमधल्या धन पिनेवर. जो आकडा येईल ते वाटेत हरवलेले व्होल्टेज. सॉकेट काढून मोजलेत तर करंट वाहत नाही आणि घटही दिसत नाही, म्हणून दिवा पेटलेलाच हवा. मग दुसरी मोज: बॅटरीचे ऋण टोक आणि दिव्याची अर्थची पिन. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसले तर दोष अर्थचा आहे, आणि रिले त्याला काहीच करू शकत नाही. ट्रकची केबिन रबरावर बसलेली असते. केबिन, चेसिस आणि इंजिन यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली असली की करंट मिळेल त्या वाटेने परततो. पुष्कळ गाड्यांत फक्त अर्थचा बोल्ट सोडवून, खालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, नवे थिंबल लावून घट्ट केले की दिवा उजळतो.

धन बाजूची घट अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर रिलेचे काम हाती घ्या. पहिले कर्म, बॅटरीचे ऋण टोक सोडवणे. मात्र त्याच्याही आधी, बॅटरी जोडलेली असतानाच, टेस्ट लॅम्पने एक गोष्ट नक्की करून घ्यायची असते, की आपल्या गाडीत स्विच धन बाजू तोडतो की अर्थची. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत धन बाजू तुटते. पण काही जपानी धाटणीच्या गाड्यांत दिव्याला धन कायम मिळते आणि स्विच अर्थ जोडतो. तिथे वेटोळ्याची जोडणी त्याप्रमाणे फिरवावी लागते. आधी तपासले नाही तर सगळे बसवून झाल्यावर दिवेच लागत नाहीत आणि खापर रिलेवर फुटते.

जागा निवडताना बॉनेटखालची कोरडी बाजू बघा, रेडिएटर आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब. रिले पिना खाली करून बसवायचा, म्हणजे पाणी आत साचत नाही. कर्नाटकात आयुधपूजेला, आपल्या खंडेनवमीच्या दिवशी, प्रत्येक ट्रक धुऊनपुसून, हार आणि केळीचे खांब बांधून पूजेला उभा राहतो. त्याआधी इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारण्याची पद्धत आहे, आणि पावसाळ्यात शाबूत राहिलेले रिले त्या एका फवाऱ्याने बंद पडू शकतात. फवारा मारणाऱ्याला रिलेची जागा दाखवून ठेवा.

बॅटरीच्या धन टोकापासून चार चौरस मिलिमीटरची मेन वायर निघते. ती जिथे निघते तिथेच, हातभर अंतराच्या आत, मुख्य फ्यूज हवा. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो दुसऱ्या टोकाला बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते, आणि चेसिसच्या कडेवर घासून तिची कातडी गेली की बॅटरी आपली सगळी ताकद तिथे ओतते. मेन वायर पुढे दोन फ्यूजांत वाटायची, १५ अँपिअरचा एक डिप्परसाठी आणि तेवढाच एक अप्परसाठी. तिथून दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनांना. मुख्य फ्यूज या दोघांहून मोठा, ३० अँपिअरचा, म्हणजे एका शाखेतला दोष तिथेच संपतो. खर्च वाचवायला अप्पर-डिप्परला मिळून एकच फ्यूज लावलेला दिसतो. असे कधीही करू नका. एक गेला तरी दुसऱ्या झोतावर गाडी बाजूला घेता आली पाहिजे.

दोन्ही रिलेंच्या ८७ पासून अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरी डाव्या-उजव्या दिव्यांच्या नव्या सॉकेटांना. सॉकेट उष्णता सोसणारे, शक्यतो सिरॅमिकचे. जुन्या सॉकेटांपैकी एकच आता वापरायचे, त्यातली डिप्परची वायर पहिल्या रिलेच्या ८६ ला आणि अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. दोन्हींचे ८५ अर्थला. दुसरे जुने सॉकेट टोप घालून बांधून ठेवा, कापू नका. वाटेत नव्या कामाने दगा दिला तर तेच सॉकेट बल्बला लावून घरी पोचता येते. अर्थची वायरही धनाइतकीच जाड, आणि ती चेसिसवर, शक्य असेल तर थेट बॅटरीच्या ऋण टोकावर.

वायर घरगुती, एकाच जाड तारेची घेऊ नका. इंजिनाच्या थरथरीने ती आतून तुटते आणि बाहेरून कातडी शाबूत दिसते. बारीक अनेक तारांची, गाडीसाठीची वायर घ्या. थिंबल पक्कडीने चेपायचे नसते, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबायचे असते, आणि वर आकसणारी नळी तापवून बसवायची. पत्र्याच्या भोकातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट. वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या उन्हाळ्यात डिंक सोडतो आणि पहिल्या पावसात हिरवा पडतो.

काम झाल्यावर तीच मोज पुन्हा करा. धन बाजूला ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर जोडणी चोख. दहा मिनिटे दिवे चालू ठेवून प्रत्येक जोडाला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड खोलायचा.

रिले लागले की हात शिवशिवतात ते मोठ्या बल्बसाठी. १००/९० वॅटचे एच-४ बल्ब दुकानात उघड मिळतात, आणि आता वायर जाड आहे, मग काय हरकत, असे वाटते. हरकत मोठी आहे. एच-४ चे मान्य प्रमाण ६०/५५ वॅट आहे. रिफ्लेक्टर आणि सॉकेट त्या उष्णतेसाठी घडवलेले असतात. जास्त वॅटने रिफ्लेक्टरची चकाकी जळते आणि वर्षभरात उजेड होता त्याहून खाली येतो. आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे काय? हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसण्यालाही माझा तसाच विरोध आहे. रिफ्लेक्टरची घडण तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. प्रकाश दुसऱ्याच जागेवरून निघाला की झोताची कड विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. १ जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली राज्यभर कारवाई सुरू केली, ती याच छळामुळे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. नियम १०५ म्हणतो की दिव्यांनी पुढच्या १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०६ म्हणतो की दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. दोन्ही एकाच दिव्याने पाळायचे आहेत, आणि ते वॅट वाढवून साधत नाही. पुरते व्होल्टेज, स्वच्छ रिफ्लेक्टर आणि नीट लावलेला कोन, या तिन्हींनी मिळून साधते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर नुसते भान यायला जातात. भरलेला ट्रक थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी ३५ मीटर सहज लागतात. डिप्परचा उजेड ४० मीटरवर संपत असेल, तर चालक जे बघतो त्याच्यासाठी तो थांबू शकत नाही.

म्हणून शेवटचे काम झोत लावण्याचे. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, नेहमीइतका माल भरून, कारण रिकाम्या आणि भरलेल्या ४०७ ची मागची बाजू वेगवेगळ्या उंचीवर असते आणि माल भरला की झोत वर जातो. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिप्परची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली बसली पाहिजे आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला, किंचित वर चढली पाहिजे. ती उजवीकडे चढत असेल तर दिवे उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनलेले आहेत, ते बदला. रिफ्लेक्टर काळवंडला असेल किंवा काच आतून धुरकट असेल तर तेही आत्ताच बदला.

दोन्ही रिले एकाच मापाचे आणि एकाच बनावटीचे घ्या, आणि डिप्परच्या रिलेवर रंगाची खूण करा. रात्री डिप्पर गेला आणि फ्यूज शाबूत असला, तर अप्परचा रिले उपसून त्याच्या जागी दाबा आणि गाडी चालू ठेवा. चालकाला हे एकदा हाताने करायला लावा, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले, १५ अँपिअरचे दोन फ्यूज आणि ३० चा एक ठेवून द्या.